पूर-मॉडेल पहिल्यांदाच करताय?

लगेच टूडीकडे (पाणी चहूकडे पसरताना दाखवणारं द्विमितीय मॉडेल) धावू नका. पाणी पात्रातच राहत असेल तर वनडी (फक्त पात्राच्या लांबीच्या दिशेने प्रवाह मोजणारं एकमितीय मॉडेल) पुरतं. काठ ओलांडून पसरत असेल तरच टूडी घ्या.

खरी गोची उंचीच्या नकाशात असते. उपग्रहाच्या डीईएमला (म्हणजे जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशाला) पाण्याखालचा तळ दिसत नाही, पाण्याचा पृष्ठभागच तळ म्हणून येतो. पात्र उथळ ठरतं आणि पूर उगाच फुगतो. म्हणून पात्राचे आडवे छेद (या काठापासून त्या काठापर्यंत तळाची उंची) मोजून घ्याच.

- बांध-रस्त्यांच्या माथ्यावर ब्रेकलाइन (मॉडेलच्या जाळीला तो माथा धरायला लावणारी रेषा) टाका, नाहीतर मोठ्या सेलमधून (जाळीच्या एकेका चौकोनातून) पाणी आरपार गळतं.
- मॅनिंगचा एन (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा): स्वच्छ पात्राला ०.०३, दाट झुडपांना ०.१च्या आसपास.
- सेल १० मीटर, वेग सेकंदाला २ मीटर असेल तर टाइमस्टेप (मॉडेल दर किती वेळाने पुढचं गणित करतं ते) ५ सेकंदांच्या आत ठेवा.

जुन्या पुराच्या खुणांशी पातळी जुळली नाही की सगळेजण एनचा आकडा ओढूनताणून बसवतात. आधी छेद तपासा.