स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये अर्धाच दिवस असेल तर तिथलं फाइन आर्ट्स म्युझियम पाहावं का? आणि कसं पाहावं?

जरूर पाहा. मात्र चित्रकार वेलाझ्केझच्या ओढीने जाणार असाल तर विरस होईल. तो जन्माने सेव्हिलचा, पण त्याची गाजलेली चित्रं माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. इथे अगदी मोजकी. इथे जायचं ते मुरिल्यो आणि सुर्बारान या चित्रकारांसाठी.

आधी व्यवहाराचं. सोमवारी बंद. मंगळवार ते शनिवार सकाळी 9 ते रात्री 9, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी 3 पर्यंत. ऑगस्टमध्ये रोजच दुपारी बंद होऊ शकतं, म्हणून आदल्या दिवशी संकेतस्थळावर वेळ तपासा. युरोपीय संघाच्या नागरिकांना प्रवेश मोफत, भारतीय पासपोर्टवर 1.50 युरो. कॅथेड्रलपासून चालत साधारण पंधरा मिनिटं. चौकात मुरिल्योचा पुतळा दिसला की पोहोचलात. रविवारी सकाळी याच चौकात स्थानिक चित्रकार आपली चित्रं विकायला मांडतात.

ही इमारत म्हणजे मर्सेडारियन संन्याशांचा जुना मठ. 1835 मध्ये सरकारने मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा त्यांतली चित्रं जमा करून हा संग्रह उभा राहिला. हे लक्षात ठेवा, कारण इथली बहुतेक मोठी चित्रं दालनासाठी काढलेलीच नाहीत. ती वेदीवर किंवा उंच कमानीखाली लावायची होती, खालून आणि लांबून बघायची.

दालनं चौदा आहेत. दुसऱ्या दालनात तोरिजानोचा भाजक्या मातीचा संत जेरोम आहे. मायकेलअँजेलोचं नाक फोडणारा तो हाच फ्लोरेन्सचा शिल्पकार. पुतळ्याभोवती पूर्ण फेरी मारा. पाठीचे स्नायू आणि हातांच्या शिरा समोरून दिसत नाहीत.

मग पाचवं दालन, म्हणजे मठाचं जुनं चर्च. निम्मा वेळ इथेच द्या. मुरिल्योने 1660 च्या दशकात कापुचिन मठासाठी केलेली मालिका इथे आहे. लोक आत शिरताच थेट भिंतीजवळ जातात, तिथेच गडबड होते. ‘ला कोलोसाल’ नावाचं मेरीचं चित्र चार मीटरहून उंच आहे. जवळून त्याचे फटकारे राकट आणि आकृती बोजड वाटते, कारण ते उंचावर लावण्यासाठी रंगवलेलं. दहा-बारा पावलं मागे या, चित्र आपोआप जुळून येतं. उलट ‘नॅपकिनवाली मेरी’ पाऊण मीटरहूनही लहान आहे आणि मोठ्या कॅनव्हासांच्या गर्दीत हमखास नजरेतून सुटते. तिच्यापाशी मात्र अगदी जवळ जा. कडेवरचं बाळ चौकटीबाहेर झेपावतंय असं वाटतं. भिक्षा देणाऱ्या व्हिलानुएव्हाच्या संत थॉमसच्या चित्रात पाठमोऱ्या भिकाऱ्यावरून नजर डाव्या कोपऱ्यात न्या: एक पोर मिळालेलं नाणं आईला दाखवतंय. मला या इमारतीतला सगळ्यात जिवंत तुकडा तोच वाटतो. आणखी एका चित्रात संत हुस्ता आणि रुफिना या कुंभार बहिणींनी हिराल्दा, म्हणजे सेव्हिलच्या कॅथेड्रलचा मनोरा, हातात धरलाय, कारण 1504 च्या भूकंपात त्यांनीच तो सावरला अशी श्रद्धा आहे. पायाशी त्यांची मातीची भांडी आहेत.

वरच्या मजल्यावर सुर्बारानचं ‘भोजनगृहातला संत ह्यूगो’ शोधा. गोष्ट माहीत नसेल तर नुसतीच पांढऱ्या झग्यांची रांग दिसेल. मांस खावं की नाही यावर वाद घालता घालता संन्याशांना झोप लागते, ती ईस्टरआधीचा उपवासकाळ संपेपर्यंत. बिशप ह्यूगो येऊन ताटातल्या मांसाला हात लावतो, तर त्याची राख होते. गोष्ट कळली की त्या पांढऱ्या रंगाच्या छटा, मातीचे कुंजे आणि पाव निवांत बघा.

एकोणिसाव्या शतकाची दालनं भरभर उरकली तरी चालतील. फक्त गोन्झालो बिल्बाओचं तंबाखू कारखान्यातल्या कामकरी बायांचं मोठं चित्र (1915) चुकवू नका. एकूण दोन तास पुरतात. मधे पाय दुखले तर ओवऱ्यांच्या चौकात बसा. भिंतींवरच्या जुन्या रंगीत फरशाही पाहण्यासारख्या आहेत.

वेळ उरला तर नदीजवळच्या ‘ला कारिदाद’ रुग्णालयाच्या चर्चमध्ये जा, तिकीट वेगळं. मृत्यूवरची वाल्देस लेआलची दोन चित्रं तिथे मूळ जागीच आहेत, आणि मुरिल्योचीही काही. मात्र त्याची चार चित्रं नेपोलियनचा सरदार सूल्त याने नेली. त्या जागी आता प्रतिकृती आहेत. मूळ चित्रं लंडन, वॉशिंग्टन, ओटावा आणि सेंट पीटर्सबर्गला आहेत.