'गुड' की 'वेल'? आधी एवढंच पक्कं करा

घाबरू नका, इंग्रजी बोलताना 'वेल'च्या जागी 'गुड' म्हणायची चूक आपल्या मराठीतूनच येते. 'ती चांगली मुलगी आहे' आणि 'ती चांगली गाते', दोन्हीकडे शब्द तोच. इंग्रजीत मात्र मुलगी 'गुड' आणि गाणं 'वेल'. म्हणून तोंडात 'शी सिंग्ज गुड' येतं. कॉलेजात मीही बिनधास्त तसंच बोलायचो.

सध्या एकच प्रश्न विचारत जा: हा शब्द नामाबद्दल सांगतोय की क्रियेबद्दल? नामाबद्दल असेल तर विशेषण, क्रियेबद्दल असेल तर क्रियाविशेषण.

मग हे खड्डे सांभाळा:

- शेवटी 'ली' आहे म्हणजे क्रियाविशेषणच, असं नाही. 'फ्रेंडली' हे विशेषण आहे.
- 'फास्ट' दोन्हीकडे चालतो. 'फास्टली' म्हणू नका.
- 'हार्डली' म्हणजे जेमतेम. कष्टाळू सहकाऱ्याबद्दल साहेबांसमोर 'ही वर्क्स हार्डली' म्हणालात, तर बिचाऱ्याची पगारवाढ गेलीच! तिथे नुसतं 'हार्ड' हवं.

आणखी एक गंमत: आमटी 'टेस्ट्स गुड', 'वेल' नाही. कारण आमटी काही चव घेत नाही, आपण तिचं वर्णन करतोय.

तुलनेची रूपं, शब्दांचा क्रम वगैरे पुढच्या महिन्यात बघू. तोवर रोज स्वतःची पाच वाक्यं मोठ्याने बोला.