फिटची रात्रीची गोळी राहिली तर सकाळी दोन घ्याव्यात का? वर्षभर फिट आली नाही तर गोळी बंद करता येते का?

तुम्ही लिहिलंय की फिटसाठी लेव्हेटिरॅसिटॅमची ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-रात्र चालू आहे, जवळपास वर्षभर फिट नाही, चिडचिड मात्र फार वाढलीय, रात्रीची गोळी मधूनमधून राहून जाते आणि घरचे म्हणतायत की आता बंदच करून टाक.

दोन गोळ्या एकदम घेऊ नका. आठवल्याबरोबर राहिलेली गोळी घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यायची आणि पुढची वेळेवर, नेहमीएवढीच घ्यायची. पण ‘मधूनमधून राहून जाते’ हे तुम्ही ज्या सहजपणे लिहिलंय, ते मला खटकलं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं लेव्हेटिरॅसिटॅम सहा ते आठ तासांत निम्म्यावर येतं. सकाळी आठची गोळी घेतली आणि रात्रीची राहिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या गोळीचा फार तर आठवा हिस्सा अंगात उरलेला असतो. पहाटेपर्यंत तुम्ही जवळजवळ औषधाशिवाय झोपलेले असता. मोबाइलला गजर लावा, वारांची खणांची डबी आणा, घरातल्या एकाला विचारायला सांगा. हे जमवायलाच लागतं.

आता ‘घरचे म्हणतायत बंद कर’. खरं तर या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले.

माझ्या दादाला कॉलेजात असताना फिट यायला लागल्या. कार्बामाझेपिन हे फिटचंच दुसरं औषध सुरू झालं, डोस वाढत वाढत एका ठिकाणी स्थिरावला आणि फिट थांबल्या. दोन वर्षं एकही नाही. पण सकाळची गोळी घेतली की काही वेळाने त्याला एकाचे दोन दिसायचे. वहीतल्या ओळी एकमेकींवर चढायच्या, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. दुपारनंतर हळूहळू ठीक व्हायचं. त्याने हे लपवलं नाही, घरात सगळ्यांना सांगितलं. आई म्हणाली, फिट येण्यापेक्षा हे परवडलं, सहन कर. मामा म्हणाले, औषधाने पोराचा मेंदू बधिर होतोय. आणि डॉक्टरांकडे गेलं की ‘फिट नाही ना? छान’ एवढंच विचारणं व्हायचं आणि तीच औषधं पुढे लिहून मिळायची. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसतं, हे त्या खोलीत कुणी बोललंच नाही.

मामांचं म्हणणं ऐकायला अगदी बिनतोड वाटायचं. दोन वर्षं फिट नाही म्हणजे आजार नाही, आणि आजार नाही तर औषध कशाला? दादाला ते पटलं, कारण त्याला होणाऱ्या त्रासाची दखल घेणारे घरात तेवढे एकटेच होते. त्याने गोळी एका दिवसात सोडली. पुढचे काही दिवस तो खरंच ताजातवाना दिसत होता, नजर स्वच्छ, चालणं सरळ. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, बघा, गोळी सोडल्यावर पोरगा कसा खुलला.

मग एका पहाटे फिट आली. ती थांबली, पण तो शुद्धीवर यायच्या आतच दुसरी सुरू झाली, मग तिसरी. मामा घरातच होते. जीभ गिळेल म्हणून त्यांनी चमचा दातांत घालायचा प्रयत्न केला आणि दादाच्या पुढच्या दाताचा तुकडा उडाला. (जीभ गिळली जात नाही. तोंडात काहीही घालायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सारायचं आणि घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा मध्ये शुद्ध न येता दुसरी आली, तर लगेच अँब्युलन्स.) दवाखान्यात शिरेतून फिट थांबवणारं लोराझेपाम दिलं, मग दुसऱ्या औषधाचं सलाईन, मग आयसीयू. तो वाचला. पण त्यानंतर कितीतरी महिने त्याला नावं आठवायची नाहीत, वाक्य अर्ध्यावर सुटायचं.

मामा आजही म्हणतात, जागरण झालं होतं, परीक्षेचा ताण होता, गोळी चालू असती तरी फिट आलीच असती. हा वाद आमच्या घरात मिटलेला नाही. त्यातला खरा भाग किती, तो आकड्यांत सांगते.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने नेमक्या याच प्रश्नावर मोठा अभ्यास केला होता, तो १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. किमान दोन वर्षं फिट नसलेले १,०१३ रुग्ण घेतले. कुणाचं औषध चालू ठेवायचं आणि कुणाचं हळूहळू बंद करायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. आणखी दोन वर्षांनी औषध चालू असलेल्यांपैकी ७८ टक्के फिटमुक्त होते, बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के. म्हणजे मामांची अर्धी बाजू बरोबर आहे. औषध सोडूनही निम्म्याहून जास्त लोक ठीक राहिले, आणि औषध चालू असतानाही काहींना फिट आल्याच. दादाला कधीतरी एखादी फिट गोळीवर असतानाही येऊ शकली असती, हे मी मान्य करते. पण त्या अभ्यासात एकाही माणसाला ‘उद्यापासून घेऊ नकोस’ असं सांगितलेलं नव्हतं. डोस पायरी-पायरीने, काही महिने लावून खाली आणला होता. एका झटक्यात औषध तोडलं की फिटवर फिट येत राहण्याची जी अवस्था होऊ शकते, जी दादाची झाली, ती जागरणाच्या माथी मारता येणार नाही. ही औषधं फिट दाबून ठेवतात, फिट येण्याची मेंदूची प्रवृत्ती पुसून टाकत नाहीत. फिट नाही याचं कारणच गोळी असू शकतं, एवढी साधी गोष्ट मामांनी कधी ऐकून घेतली नाही.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बंद करता येऊ शकते, पण वर्षभर हा काळ बहुतेकांसाठी कमी आहे. साधारणपणे दोन वर्षं फिटशिवाय गेल्यावर हा विषय काढतात. फिटचा प्रकार कोणता, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आणि एमआरआय काय म्हणतात, पहिल्या औषधाला फिट आटोक्यात आल्या की दोन-तीन औषधं लागली, यावर पुढचं ठरतं. काही प्रकारांत, उदाहरणार्थ किशोरवयात सुरू होणाऱ्या आणि सकाळी उठल्यावर हात झटकणाऱ्या मायोक्लोनिक प्रकारात, बंद केल्यावर फिट परत येण्याचं प्रमाण जास्त असतं. आणि डोस कमी होत असतानाच्या महिन्यांत, नंतरही काही काळ, गाडी चालवणं, एकट्याने पोहणं, उंचावर चढणं टाळायचं.

आता चिडचिड. आईचं ‘सहन कर’ हे वाक्य मला मामांच्या सल्ल्याइतकंच चुकीचं वाटतं, कारण त्या वाक्यानेच दादा मामांकडे ढकलला गेला. आयसीयूतून आल्यावर आम्ही दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे (मेंदूच्या डॉक्टरांकडे) गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, दोन दिसायचं ते गोळीनंतर किती वेळाने? मग सांगितलं की हा औषध रक्तात एकदम वर चढण्याचा परिणाम आहे, आणि त्यावर पोटात औषध हळूहळू सोडणारी गोळी मिळते. तेच कार्बामाझेपिन, त्या रूपात. दोन दिसणं जवळपास गेलं. ही गोळी तेव्हाही मिळत होती, फक्त विचारायला हवं होतं.

लेव्हेटिरॅसिटॅमने चिडचिड, राग, उदासी येते हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. ‘माझा स्वभावच बिघडला’ असं समजून गप्प बसू नका. कधीपासून सुरू झालं, डोस वाढवल्यावर वाढलं का, घरच्यांना काय दिसतं, हे कागदावर लिहून न्या आणि फिटची चौकशी व्हायच्या आधी तो कागद पुढे ठेवा. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. बदलताना नवं चढवत जुनं उतरवतात, म्हणून मध्ये भगदाड पडत नाही. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मी डॉक्टर नाही, आणि वर माझा सगळा सूर ‘स्वतःहून बंद करू नका’ असाच आहे, त्याला एक अपवाद जोडायलाच हवा. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन किंवा फेनिटोइन ही फिटची औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले, ताप आला, तर पुढची गोळी गिळण्याआधी डॉक्टरांशी बोला, नाहीतर थेट दवाखाना गाठा. तिथे ‘नियमित घ्यायचीच’ हा हट्ट जिवावर बेतू शकतो. लॅमोट्रिजिन सलग काही दिवस राहिलं असेल तरी जुन्या डोसवर परत उडी मारायची नाही, बहुधा पुन्हा खालपासून चढावं लागतं.

तुम्ही बाई आहात की पुरुष हे लिहिलेलं नाही. बाई असाल आणि पुढे औषध बदलून व्हॅल्प्रोएट हे फिटचं आणखी एक औषध द्यायचं म्हटलं, तर मुलाचा विचार आहे की नाही ते आधीच बोला. गरोदरपणात ते घेतलं तर साधारण दहात एका बाळात जन्मजात दोष आढळतात. पण ते चालू असताना दिवस गेलेच, तर घाबरून एकदम सोडू नका, त्याच दिवशी फोन करा. आणि किडनीचा काही त्रास असेल तर तो आत्ताच डॉक्टरांच्या कानावर घाला. लेव्हेटिरॅसिटॅम मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं आणि डोस त्यानुसार कमी करावा लागतो. सहा ते आठ तासांत निम्मं होतं हा वरचा हिशेबसुद्धा मग तुम्हाला लागू पडणार नाही.