सह्याद्रीचा काळा खडक आणि हिंदी महासागरातली बेटं यांचं नातं खरं आहे का?

हो, बहुतेक भूवैज्ञानिक ते मानतात, आणि मला तर हे नातं फार विलक्षण वाटतं.

शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. सुई एकाच जागी वरखाली होते, कापड सरकतं आणि टाक्यांची ओळ पडते. इथे सुई म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वर येणारा उष्ण खडकाचा झोत, म्हणजेच हॉटस्पॉट. तो साधारण जागेवरच राहतो. सरकतो तो वरचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा.

६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत या झोतावर होता, तेव्हा दख्खनचा लाव्हा वाहिला. कुठल्याही घाटात दरडीचा दगड हातात घ्या. त्यातली बारीक भोकं म्हणजे त्या लाव्हातले वायूचे बुडबुडे. काही भोकांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक चमकताना दिसतील.

भारत वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास वेगाने उत्तरेकडे निघाला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग उरली. वर दिसतं ते प्रवाळ, ज्वालामुखी खाली बुडालेले. मालदीवजवळ समुद्रतळ खोदला तेव्हा सुमारे ५.७ कोटी वर्षांचा बसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, लागला.

पुढे समुद्रतळाची मधली फट, म्हणजे भारताचा आणि आफ्रिकेचा पट्ट यांमधली सीमा, त्या झोतावरून सरकली, म्हणून नंतरचे टाके आफ्रिकेच्या पट्टावर पडले: आधी मॉरिशस, मग रियुनियन. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही लाव्हा ओततो.