गोड्या पाण्यातल्या जळवा ओळखायच्या कशा?

कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या काठाला एकाच दगडाखाली तीन रंगांच्या जळवा दिसल्या, म्हणजे त्या तीन जाती का, असं तुम्ही विचारलंय. रंगावर जाऊ नका. एकाच जातीत तो बदलतो आणि नमुना टिकवायच्या स्पिरिटमध्ये (अल्कोहोलमध्ये) तर उडूनच जातो. म्हणून जिवंतपणीच फोटो काढा आणि डोळे, तोंड, अंगावरची वलये बघा.

पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घेऊन दहापट भिंगातून डोकं पाहा. डोळ्यांच्या पाच जोड्या कमानीत आणि तोंडात तीन जबडे असले, तर ती बहुधा रक्त पिणारी. म्हशींना चिकटणारी मोठी हिरवट हिरुडिनारिया यातलीच. ती अंगाच्या लाटा करत झकास पोहते. अंग पानासारखं चपटं, डोळे मध्यरेषेजवळ आणि डिवचल्यावर गुंडाळी होत असेल, तर कुळ ग्लॉसिफोनिडी. यांना जबड्यांऐवजी सोंड असते, बऱ्याचशा गोगलगाईंवर जगतात. पोटाला पिल्लं चिकटलेली दिसली तर शंकाच नको.

चुकतं ते वलये मोजताना. पाठीवर बारीक संवेदी ठिपक्यांची आडवी ओळ ठरावीक अंतराने परत येते. एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतची वलये म्हणजे एक खंड. ग्लॉसिफोनिडीत ती 3, हिरुडिनारियात 5. मोजायचं मात्र शरीराच्या मध्यावरच, कारण टोकांकडे वलये कमी होत जातात.

नमुना थेट स्पिरिटमध्ये टाकलात तर जळू आखडून गोळा होते, मग काहीच मोजता येत नाही. आधी साध्या सोडा वॉटरमध्ये किंवा 10 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि स्पर्शाला हलेनाशी होईपर्यंत अल्कोहोल थोडं थोडं वाढवा. बुळबुळीतपणा पुसून सरळ करा, 10 टक्के फॉर्मालिनमध्ये एक दिवस, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनए तपासायचा असेल तर फॉर्मालिन नको, सरळ केल्यावर 95 टक्के अल्कोहोल. लेबल पेन्सिलीनेच लिहा.

शोधायच्या तर केंदाळाची मुळं आणि उथळ, संथ पाण्यातल्या दगडांची खालची बाजू धुंडाळा. चूषक (चिकटायची वाटी) रोवायला घट्ट आधार लागतो, त्यामुळे नुसत्या गाळात त्या कमीच. पंचगंगेत जळवा दिसल्या म्हणून पाणी शुद्ध समजू नका. काही जाती सेंद्रिय घाण चांगली सोसतात. दाजीपूरला पावसाळ्यात पायावर चढतात त्या जमिनीवरच्या, त्यांचं कुळच वेगळं. तिथे अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुना उचलू नका.

एवढ्यावर कूळ आणि बऱ्याचदा प्रजाती (जीनस) ठरते. नेमकी जात ठरवायला पुष्कळदा जननेंद्रियांचं विच्छेदन लागतं; त्यासाठी नमुना शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवा.