नोवु आगतदेन्री?

(खानापूर तालुक्यातल्या एका सुनेचं पत्र. सासूबाईंना साखरेचा आजार, पायाला जखम; सिस्टर दिवसाआड घरी येऊन पट्टी बदलतात. पाय धरायचं काम हिचं. पण पाय धरला की हिच्याच तळव्यात कळ येते, अंधारी येते. परवा उठून अंगणात गेली, तर वन्सं म्हणाल्या, ‘नाटकं’. ‘ताई, माझं मन इतकं कच्चं का?’)

पोरी, तुझ्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. पट्टी अजून सोडलेलीही नसते, सिस्टर आत्यांना कानडीत नुसतं ‘नोवु आगतदेन्री?’ (दुखतंय का हो?) विचारतात, आणि तुझा तळवा ठणकायला लागतो.

लंडनमध्ये २००४ साली मेंदूचा अभ्यास करणाऱ्या टानिया सिंगर यांनी १६ जोडप्यांवर प्रयोग केला. बाई स्कॅनरमध्ये, जोडीदार शेजारी. विजेचा चटका कधी हिला, कधी त्याला. त्याचं तोंड हिला दिसत नव्हतं. पाळी कुणाची, एवढी खूण तेवढी दिसायची. तरी त्याच्या पाळीला हिच्या मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग जागे व्हायचे, स्वतःला चटका बसल्यावर व्हायचे तेच. दुखणं किती छळतंय, हे या भागांत कळतं. ते नेमकं कुठे, याचा हिशेब ठेवणारा भाग मात्र जोडीदाराच्या चटक्याला हलला नाही. काहींना तरीही त्याच जागी कळ येते; तू त्यांतली. नाटक कसलं डोंबलाचं!

आता कामाचं. तू बहुतेक ‘हा माझा पाय असता तर’ असा विचार करतेस. २००७ च्या एका अभ्यासात लोकांना उपचार घेणाऱ्या रुग्णांचे चेहरे दाखवले. स्वतःला त्यांच्या जागी ठेवणारे अधिक कासावीस झाले. ‘यांना काय वाटत असेल’ असा विचार करणाऱ्यांना कळवळा जास्त वाटला, घालमेल कमी झाली. म्हणून पाय सोड. आत्यांच्या उशाशी बस, हात धर, तोंडाकडे बघ. थांबायला हवं का, पाणी हवं का, विचार. अंधारी आलीच तर मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळ, रक्तदाब उतरत नाही. तरी भागलं नाही तर खाली आडवी हो. शुद्धच हरपली तर मात्र डॉक्टरांना दाखव.

पाय धरायला वन्संना बसव. लाइट गेली तर बॅटरीही त्यांच्याच हातात दे.