शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद दोन-तीन वर्षांतच का फाटतो? कागदच खराब निघाला असं समजायचं का?

कागदाला दोष देण्याआधी तो कुठे फाटलाय ते बघा. मी शेततळ्यांना कागद अंथरण्याचं आणि जोडण्याचं काम करतो. जागा बघितली की कारण बहुतेक वेळा कळतं.

तळाशी किंवा उतारावर बारीक भोकं असतील तर कारण खालून आलेलं असतं. पोकलेनने खोदल्यावर मुरमात टोकदार दगड उघडे राहतात. पाच मीटर पाणी भरलं की दर चौरस मीटरवर पाच टन भार येतो आणि कागद त्या टोकावर दाबला जातो. भोक लगेच पडतंच असं नाही, कधीकधी एक हंगाम जातो, म्हणून दगडावर कुणाचा संशय जात नाही. खोदाईवर एवढा खर्च करून लोक शेवटच्या दोन दिवसांत घाई करतात, याचं मला फार वाईट वाटतं. दगड वेचून, धुमसाने जमीन ठोकून, वर चाळलेल्या मातीचा चार बोटं थर द्यायलाच हवा. लव्हाळ्याच्या गाठी राहिल्या असतील तर त्याचा अणकुचीदार कोंब कागद भेदून वर येतो. हरळी आणि तोडलेल्या झाडांची मुळंही काढून टाका. काठावर घुशी, उंदीर, खेकड्यांची बिळं असतील तर ती आधी बुजवा.

पाण्याच्या वरचा पट्टा कडक होऊन तडकत असेल तर ते उन्हाचं काम. पाण्याखालचा कागद टिकतो, उघडा जळतो. म्हणून उन्हाळ्यात तळं पूर्ण रिकामं करू नका, फूट-दोन फूट पाणी राहू द्या. रिकाम्या तळ्यात वाराही कागद उचलतो.

जोडावर किंवा कागदाची कड जिथे पुरतात त्या बांधावरच्या चराजवळ फाटलं असेल तर कागद भर दुपारी ताणून बसवला होता का, ते विचारा. उन्हात कागद वाढतो, रात्री आक्रसतो आणि ओढ जोडावर येते. सकाळी, थोडा सैल अंथरलेला बरा.

लांब ओरखडे असतील तर ते कुत्रं, रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) आत पडल्याचे. कुंपण हवंच. ओल्या कागदावरून माणसालाही वर येता येत नाही आणि दरवर्षी शेततळ्यात मुलं बुडतात. गाठी मारलेले दोर चारही बाजूंनी सोडून ठेवा. कागद गेला तर नवा आणता येतो. गाळ काढताना मात्र फावडं, टिकाव आत नेऊ नका.

गळती आहे की नाही तेही आधी तपासा. मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला एक सेंटिमीटरपर्यंत पाणी नुसतं उडून जातं. पाण्याने भरलेली बादली तळ्याच्या काठावर ठेवा आणि दोन्हीकडची घट ताडून बघा. तळ्यातलं पाणी बरंच जास्त उतरत असेल तर गळती आहे. ते जिथे येऊन थांबेल, साधारण त्याच उंचीवर भोक शोधा.

ठिगळ त्याच जातीच्या कागदाचं, गरम हवेच्या मशीनने लावा. साधं सोल्युशन या प्लास्टिकला धरत नाही.

तुमचा कागद कोणत्या उंचीवर फाटलाय आणि जमीन मुरमाड की काळी, एवढं लिहिलंत तर नेमकं सांगेन.